पांझरेच्या पाटावरची डॉक्युमेंट्री: चित्र ठीक, आवाज अर्धा, गप्पा भरघोस

अहिराणीतली 70 मिनिटांची डॉक्युमेंट्री, धुळ्यातलं साधारण 250 खुर्च्यांचं सभागृह, आणि खेळानंतर दिग्दर्शिका, कॅमेरामन आणि साउंड रेकॉर्डिस्ट या तिघांशी पाऊण तासावर रंगलेल्या गप्पा. फिल्म चांगली आहे, गप्पा त्याहून चांगल्या झाल्या, आणि सभागृहाच्या तयारीने फिल्मची पहिली वीस मिनिटं जवळजवळ खाऊन टाकली. फिल्मचं नाव इथे देत नाही, कारण प्रमाणपत्राची प्रक्रिया अजून चालू आहे आणि हा खेळ निमंत्रितांपुरता होता. सभागृहाचंही नाव देण्यात अर्थ नाही. यातल्या उणिवा जळगाव, नंदुरबार, शिरपूर, चाळीसगाव कुठल्याही बहुउद्देशीय हॉलमध्ये तशाच्या तशा सापडतील.

विषय आहे फड पद्धत. साक्री-धुळे पट्ट्यात ती समजावून सांगावी लागत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याला मात्र सांगावी लागेल, त्याचं पाणी विहिरीचं आणि ठिबकचं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले तीन-चार फड. एका फडात कितीही जणांची शेतं असोत, त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पुढल्या वर्षी पिकं फिरवायची. एकच पीक असल्यामुळे सगळ्या शेतांची पाण्याची पाळी एका वेळी येते, म्हणून मापाची भांडणं कमी होतात. पाण्याचा ताण असेल तर गावाने ठरवून एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही वाटून घेतला जातो. फड लहान असला तर 10 हेक्टरांचा, मोठा असला तर 200 हेक्टरांपर्यंत. पाणी शेतकरी स्वतःच्या हाताने घेत नाही, पाटकरी देतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठाने ही रीत काही शतकं चालली.

फिल्म हे सगळं सांगते, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. फडांची फिरती हा या पद्धतीचा कणा, आणि तोच पडद्यावर नीट उभा राहत नाही. आपण कुठल्या फडात आहोत, पाटाच्या वरच्या अंगाला की पाणी शेवटी पोचतं त्या शेपटाकडे, हे पाऊण फिल्म होईपर्यंत कळत नाही. सुरुवातीला वीस सेकंदांचा हाताने काढलेला नकाशा पुरला असता. गप्पांत हा प्रश्न आला तेव्हा दिग्दर्शिका म्हणाल्या की नकाशा टाकला की फिल्म शाळेच्या धड्यासारखी होते, प्रेक्षकाने पाटाबरोबर चालत जाऊन समजून घ्यावं. हे पटलं नाही. शेपटाच्या शेतकऱ्याची तक्रार ही फिल्ममधली सर्वांत धारदार गोष्ट आहे, आणि तो शेपटाला आहे हेच माहीत नसेल तर त्याचा राग नुसता तापट स्वभाव वाटतो.

जिथे फिल्म बोलत नाही आणि नुसती बघते, तिथे मात्र ती जमून येते. पाटकरी रात्री चारीचं तोंड फोडतो तो प्रसंग घ्या. फावड्याचे तीन घाव, ओल्या मातीचा गोळा बाजूला, मग त्याच मातीने शेजारच्या तोंडाला बुच. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर. पाणी सरीत शिरतं ते एकदम धावत येत नाही. आधी पुढे कचरा येतो, वाळलेली पानं, मुंग्या, मग फेसाची कड, आणि त्यामागे पाणी. भेगांत उतरताना बुडबुडे सुटतात. हा सलग शॉट दोन मिनिटांच्या वर आहे आणि एक सेकंदही जास्त वाटत नाही.

आता सभागृह. खेळ डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला ठेवलेला. या दिवसांत इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला वरच्या बाजूने झडपा. म्हणजे पहिला अर्धा तास पडद्यावर तिरपा उजेड. 'प्रोजेक्टर कमी ताकदीचा आहे' अशी कुजबुज झाली, ती चूक. पडदा साधारण 14 बाय 8 फुटांचा, म्हणजे 112 चौरस फूट. थिएटरात पडद्यावर 14 फूट-लँबर्ट इतका उजेड धरतात, म्हणजे चौरस फुटाला 14 ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप). त्या हिशेबाने साध्या पांढऱ्या पडद्याला 1,600 ल्युमेनच्या आसपास पुरतात, आणि इथला प्रोजेक्टर 5,000 ल्युमेनचा होता. काळोख असता तर इको मोडवरही भागलं असतं. खरी अडचण अशी की प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीतला अंधार. उजेड आत आला की रात्रीचे प्रसंग राखाडी होतात आणि ल्युमेन वाढवून ते काळे होत नाहीत. उपाय स्वस्त आहे. झडपांना मंडपवाल्याकडचं दुहेरी काळं कापड लावा, नाहीतर खेळ साडेसहाला सुरू करा. मंचावरची माळ आणि फलकावरचा फोकसही खेळाच्या वेळी बंद हवा. इथे तो शेवटपर्यंत जळत होता, कारण त्याचं बटण कुठे आहे हे फक्त हॉलच्या शिपायाला माहीत होतं आणि शिपाई चहाच्या व्यवस्थेत होते.

दुसरी अडचण सबटायटलची. मंच 3 फूट उंच, पडदा थेट मंचावर टेकवलेला, जमीन सपाट, खुर्च्या एकामागे एक. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर येतं. म्हणजे पडद्याचा खालचा फूटभर भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे, आणि सबटायटल नेमकी तिथेच. पाचव्या रांगेपासून मागे लोक माना वाकड्या करून वाचत होते. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर हवी. मंच 3 फुटांचा असेल तर पडद्याच्या चौकटीखाली दीड फुटाचे मजबूत ठोकळे द्या आणि मागून दोरीने ताणून बांधा. छताची उंची कमी पडत असेल तर पडदा थोडा लहान चालेल. खुर्च्या एक आड एक सरकवून मांडल्या तरी निम्मा त्रास जातो.

सबटायटल मराठीत होती आणि मजकूर नेटका होता, मात्र गती बेताची नव्हती. काही ओळी दोन सेकंदांत पसार होत होत्या. मराठी वाचायला सेकंदाला 12-13 अक्षरांचा हिशेब धरला तर दोन ओळींचं वाक्य चार सेकंद तरी थांबायला हवं. धुळ्यात याचा फटका बसला नाही. लोक सबटायटल यायच्या आधीच हसत होते, कारण अहिराणी कानातूनच पोचत होती. पुण्या-मुंबईत हीच प्रत लागली तर निम्मे विनोद वाया जातील.

आणि आवाज. पहिली अठरा मिनिटं पाटाचं पाणी, पाखरं, बैलांच्या घुंगरांचा आवाज दणदणीत, आणि माणसं बोलायला लागली की विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. साउंडवाल्याने मास्टर वर केला तर पाखरं कानठळ्या बसवू लागली, बोलणं तिथेच. मागून 'आवाज वाढवा'ची हाळी, पुढून 'कमी करा'ची. कारण साधं होतं. फाइल 5.1 आवाजाची होती: पुढे डावा, मधला, उजवा, मागे दोन, आणि एक खर्जाचा. बोलणं जवळजवळ सगळं मधल्या चॅनेलमध्ये असतं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आउटपुट सहा चॅनेलचं ठेवलेलं, एचडीएमआयवरून सगळं प्रोजेक्टरकडे गेलं, आणि प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून मिक्सरला पोचले फक्त डावा आणि उजवा. मधला कुठेच वाजला नाही. जे थोडं बोलणं ऐकू येत होतं ती डाव्या-उजव्यात सांडलेली गूंज. शेवटी साउंड रेकॉर्डिस्ट स्वतः उठून मागे गेले, खेळ थांबवला, लॅपटॉपचं आउटपुट स्टीरिओ केलं, आणि एका मिनिटात सगळी माणसं स्वच्छ बोलू लागली. खेळ पहिल्यापासून लावा अशी मागणी झाली. वेळेअभावी ती मानली गेली नाही, आणि पाणीवाटपाची पहिली बैठक बऱ्याच जणांची हुकली ती हुकलीच.

हे टाळायला काय लागतं? निर्मात्यांकडून 5.1 सोबत वेगळी स्टीरिओ मिक्स असलेली फाइल मागवा. चाचणी घेताना गाणं किंवा ट्रेलर लावू नका, दोन माणसं हळू बोलतात असा प्रसंग लावा, मग सर्वांत मोठ्या आवाजाचा, मग सर्वांत शांत. एक माणूस शेवटच्या रांगेत उभा पाहिजे. रिकाम्या हॉलमध्ये नेमका वाटणारा आवाज भरल्या हॉलमध्ये दबतो, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. म्हणून चाचणीत पातळी किंचित चढीच ठेवा. लॅपटॉपच्या हेडफोन पिनेतून थेट मिक्सरला जोडणार असाल आणि घूंऽऽ असा आवाज आला, तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर अर्थिंगचा घोळ आहे, मध्ये डीआय बॉक्स (अर्थिंगचा संबंध तोडणारी छोटी पेटी) लावा. चार्जर काढून बॅटरीवर खेळ चालवायची हुशारी मात्र करू नका.

पाटाच्या कडेने कॅमेरा सरकत जातो ते शॉट इथे किंचित अडखळत होते. बहुतेकांच्या लक्षात आलं नसेल. फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची, लॅपटॉप 60 हर्ट्झवर. साठाला पंचवीसने भाग जात नाही, मग काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ केलं की संपलं.

खेळाआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाच पाहुण्यांचे सत्कार, सहाव्याचा राहून गेलेला सत्कार, आणि प्रास्ताविकात फिल्मचा शेवट सांगून टाकणं, हे रीतीप्रमाणे पार पडलं. त्यात 25 मिनिटं गेली. शाल-श्रीफळाला आक्षेप नाही, पण ते सगळं सुरुवातीलाच उरकलं हे आयोजकांचं शहाणपण. फिल्म संपल्या संपल्या सत्कार ठेवले की लोक उठतात आणि गप्पांना तिसरा हिस्सा उरतो. इथे नामावली सरकत असतानाच मंचावर तीन खुर्च्या लागल्या, दिवे एकदम न लावता अर्धे लावले, आणि निम्म्याहून जास्त हॉल बसून राहिला.

या गप्पांसाठी पुढचा खेळ जिथे लागेल तिथे जावं. सर्वांत वसूल वेळ साउंड रेकॉर्डिस्टचा. त्यांनी रात्रीच्या त्या चारीच्या प्रसंगाचे कच्चे ट्रॅक आणले होते आणि ते एकेक करून ऐकवले. पहिला, पाटकऱ्याच्या अंगावरचा कॉलर माईक. बंडीला लावलेला, वरून उपरणं, त्यामुळे प्रत्येक घावाला कापडाची खसखस आणि शब्द त्याखाली. दुसऱ्या दिवशी माईक टोपीच्या घडीत लपवला, वायर मानेमागून कमरेच्या ट्रान्समीटरपर्यंत. तोंडापासूनचं अंतर कायम राहिलं, घाम कमी, खसखस गेली. तोच माणूस, तेच वाक्य, आणि हॉलमध्ये लोकांनी 'अरे!' केलं. मग लांब काठीवरच्या बूम माईकचा ट्रॅक: आवाज मोकळा, पण पलीकडच्या शेतातल्या पाणबुडी मोटरचा सलग गुणगुणाट. वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तो गुणगुणाट 50, 100, 150 अशा ठरावीक जागी बसलेला असतो आणि तिथे तिथे अरुंद फिल्टर लावून छाटता येतो. वारा तसा छाटता येत नाही, तो सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून साध्या फोमच्या टोपीवर भागत नाही, केसाळ कव्हर लागतंच. पांझरेच्या उघड्या पात्रात तेही काही दुपारी कमी पडलं, आणि त्या दुपारचं बोलणं सरळ टाकून द्यावं लागलं.

पाण्याचा आवाज तर त्यांनी तीन ठिकाणी वेगळा घेतला होता. धारेजवळ माईक नेला की भजी तळल्यासारखा नुसता चरचराट येतो, त्यात पाणी ओळखूही येत नाही. म्हणून एक ट्रॅक चारीच्या तोंडापासून पाच-सहा फूट लांबून, एक सरीच्या मधोमध जमिनीलगत, आणि एक कोरड्या भेगेच्या अगदी कडेला, बुडबुड्यांसाठी. तिन्ही सुटे ऐकवले, मग एकत्र. पडद्यावर जे पाणी आपण 'बघितलं' असं वाटत होतं, त्यातला निम्मा हिस्सा त्या भेगेतल्या ट्रॅकचा निघाला. हे सगळं मिळून बारा मिनिटं. माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावं असं.

कॅमेरामन कमी बोलले, पण एक गोष्ट कामाची सांगितली. पाटकऱ्याच्या हातातली एलईडी बॅटरी कॅमेऱ्यात आडवे पट्टे मारत होती. स्वस्त एलईडी बॅटऱ्या डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने मिटमिटतात आणि शटरच्या वेगाशी त्यांचा मेळ बसत नाही. शटर बदलून पाहिलं, पट्टे नुसते रुंद-अरुंद झाले. शेवटी जुन्या काचेच्या बल्बची बॅटरी पाटकऱ्याच्या हातात दिली. उजेड पिवळा आला, तो फिल्मला शोभलाही, पण आज गावात कुणी तसली बॅटरी वापरत नाही हा आक्षेप श्रोत्यांतून आला आणि त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते नसल्याचं त्यांनी सरळ मान्य केलं.

खरा प्रश्न विचारला तो मागच्या रांगेतल्या एका वयस्कर शेतकऱ्याने: "ताई, पानी दखाडं, पाटकरी दखाडा, पन पानीपट्टी कोन भरस ते काब्र दखाडं नही?" म्हणजे पाणीपट्टी कोण भरतं ते का नाही दाखवलं. दिग्दर्शिकांनी टाळाटाळ केली नाही. "आबा, हिशेबाची बैठक आम्ही पूर्ण शूट केली होती," त्या म्हणाल्या. त्या बैठकीत थकबाकीदारांची नावं मोठ्याने वाचली गेली आणि नंतर त्यातल्या काहींनी ते दाखवू नका असं सांगितलं. चेहरे धूसर करून बैठक ठेवता आली असती, पण गावात आवाजावरून माणूस ओळखू येतो. म्हणून सगळा प्रसंग काढला. उत्तर प्रामाणिक आहे. तरी फिल्ममध्ये पैशाचा उल्लेखच नसल्याने ती पद्धत आहे त्यापेक्षा सोज्वळ दिसते, हा आबांचा मुद्दा उरतोच. दोन ओळींची पाटी टाकूनही तो भरून काढता येईल.

गप्पा सैल पडल्या त्या माईकमुळे आणि भाषणांमुळे. एकच कॉर्डलेस माईक होता, तो रांगांतून हातोहात फिरत होता, आणि पुढच्या रांगेतला माणूस बोलायला उठला की स्पीकरच्या तोंडासमोर येऊन शिट्टी. स्पीकर प्रश्न विचारणाऱ्यांच्या मागे नव्हे, पुढे आणि बाजूला ठेवतात हे बरोबर, पण मग पुढच्या दोन रांगांसाठी माईकची पातळी उतरवावी लागते आणि त्यासाठी साउंडवाला मिक्सरवर बसलेला हवा. दोन माईक, दोन स्वयंसेवक, माईक स्वयंसेवकाच्याच हातात: एवढं केलं की शिट्टीही जाते आणि भाषणंही आटोपतात. एका सद्गृहस्थांनी इंजिनिअर विश्वेश्वरय्यांवर चांगली सहा-सात मिनिटं घेतली. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागल्यावर त्यांची सुरुवातीची एक नेमणूक खानदेशात होती आणि पांझरेच्या प्रवाहाखालून त्यांनी पाइपचा सायफन नेला, हे सगळं खरं आणि ऐकण्याजोगं, फक्त त्यात प्रश्न नव्हता. सूत्रसंचालिकेने 'दादा, प्रश्न?' असं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवण्याची सोय होती, पण चिठ्ठ्या वाटल्या चहाच्या वेळी आणि पेन कुणाकडेच नव्हतं.

पुढचा खेळ हॉलऐवजी थिएटरात करायचा विचार असल्याचं कानावर आलं. पडदा आणि आवाज आपोआप सुधारतील, पण तिथे लॅपटॉप चालत नाही, डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी फिल्मची डिजिटल प्रत लागते. ती करून घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, थिएटरचा सर्व्हर 25 फ्रेमची डीसीपी घेतो का. जुने काही सर्व्हर फक्त 24 घेतात. मग फिल्म चार टक्के मंद करावी लागते, 70 मिनिटांची जवळपास 73 होते, आणि आवाजाची पट्टी न उतरवता हे करणं साउंडवाल्याचं वेगळं काम आहे. दोन, एकाच खेळासाठी कुलूपबंद डीसीपी घेऊ नये. तिची किल्ली ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक वेळेपुरती बांधलेली असते, आणि खेळ तासभर पुढे ढकलला किंवा ऐन वेळी स्क्रीन बदलली तर पडदा काळा राहतो. बिनकुलपाची प्रत, खेळाच्या आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून, सुरुवात-मध्य-शेवट चालवून बघितलेली, हेच बरं. आणि तिकीट लावून जाहीर खेळ करायचा तर 1952 च्या चलच्चित्र कायद्याखालचं प्रमाणपत्र हातात हवं. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए गटात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आलेत. या फिल्मला त्यात काही अडचण दिसत नाही.

हॉलमध्येच बघणार असाल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत मधोमध बसा. सबटायटल दिसतील, दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतील, आणि साउंड रेकॉर्डिस्ट कच्चे ट्रॅक लावतील तेव्हा त्या भेगेतले बुडबुडे डावीकडे आहेत की उजवीकडे हेही कळेल.